पण मोजणी बरोबर होती

फेनकोळू बेटाच्या जेट्टीवर कुणीही उतरलं की त्याला एकच प्रश्न येतो, "आज काय लागलं?" म्हणजे गळाला काय लागलं. कुडा तौफीक, म्हणजे धाकटा तौफीक, सुट्टीवर घरी आला की त्यालाही हाच प्रश्न यायचा आणि तो वर्षानुवर्षं तेच उत्तर देत आला होता.

"काही नाही. बघून आलो."

"काय बघितलंस?"

"दोन मोठे मांटा मासे, एक कासव. शार्क तर भरपूर."

"आणि एकही धरला नाहीस?"

"नाही."

"ते परदेशी पाहुणे असतात ना तुझ्याबरोबर? त्यांनी?"

"त्यांनीही नाही. ते फक्त बघतात."

यावर जेट्टीवरची म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायची आणि कुणीतरी आपल्या वाट्यातला एक ट्यूना काढून तौफीकच्या हातात द्यायचं. बिचारा रिकाम्या हाताने घरी कसा जाणार! मासे नुसते बघायला विमानात बसून येणारे, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जाणारे आणि हात हलवत वर येणारे लोक जगात आहेत, हे आमच्या बेटाला माहीत होतं. पण त्या वेडाचं दुकान आपल्याच गावचा मुलगा चालवतो, याची लाज काही कुणाची गेली नव्हती.

दुकान म्हणजे मुदिफुशी रिसॉर्टवरचं डायव्हिंग सेंटर. तौफीक तिथे लागला तो कॉम्प्रेसरपाशी बसून सिलिंडरात हवा भरायला. मग धोणीवर, म्हणजे आमच्या लाकडी बोटीवर, दोऱ्या ओढायला, मग बुडी मारायला, मग शिकवायला. पुढे सेंटरचा बेल्जियन प्रमुख हनिमूनला आलेल्या एका नवरीबरोबर निघून गेला, तेव्हा जाण्याच्या घाईत किल्ल्यांचा जुडगा त्याने समोर दिसला त्याच्या हातात दिला. समोर तौफीक होता. जुडगा परत मागायला कुणी आलंच नाही, म्हणून तौफीक प्रमुख झाला.

या धंद्यात समुद्राचा त्रास त्यातल्या त्यात कमी. भरतीला यायची वेळ असते, वाऱ्याचा रोख असतो. पाहुण्यांना यातलं काहीच नसतं. शेकडो बुड्या मारल्यात असं सांगणारा माणूस रबरी सूट पाठ पुढे करून घालतो. बेट तरंगतं ना, मग खालून पोहत पलीकडे जाता येईल का, असं दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. एका बाईने तर लेखी तक्रार केली होती की सगळे मासे तिच्याकडे पाठ करून पोहत होते. तौफीकने माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी तिला प्रवाहाच्या उलट बाजूने नेलं. बाई खूश झाली.

एक गोष्ट मात्र खरी, की माणसं त्याच्या लक्षात राहायची. नावं नव्हे, नावं तो गोंधळून टाकायचा. कुणाचा डावा कान दुखतो, कुणाला शिडी चढताना गुडघा धरावा लागतो, कोण पाण्याखाली गेल्यावर हवा अधाशासारखी ओढतं, हे त्याला वर्षभरानेही पाठ असायचं. माणूस समोर असला की त्याचं सगळं आठवायचं. समोर नसला तर तो नाही हेच तौफीकच्या ध्यानात यायचं नाही. खोट होती ती एवढीच, आणि तिने त्याचा संसार मोडला होता.

शिऊना त्याची बायको होती. दोनदा.

आमच्या ॲटोलात, म्हणजे बेटांच्या या कड्यात, यात काही विशेष नाही. आमच्याकडे लोक भांडतात, तलाक घेतात, महिनाभर आईकडे राहतात आणि परत त्याच माणसाशी लग्न लावून मोकळे होतात. तौफीक आणि शिऊनाचा पहिला तलाक मिरचीवरून झाला. गरुधियात, म्हणजे माशांच्या पातळ रश्शात, तिने मिरची अख्खी टाकली. तो म्हणाला, माझी आई चिरून टाकते. ती म्हणाली, मग आईकडेच जेव. दोघंही तावातावाने काझीकडे गेले आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच काझीकडे हसत हसत परत आले. काझीने न बोलता मागचंच रजिस्टर उघडलं.

दुसरा तलाक वेगळा होता. त्यात कुणीच हसलं नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं सगळं कुटुंब धोणीत बसून वाळूच्या बेटावर सहलीला गेलं होतं. झाड नाही, झुडूप नाही, ओहोटीला दिसतं आणि भरतीला निम्मं पाण्याखाली जातं, असं ते बेट. दुसऱ्या एका गावची धोणीही तिथे आली होती. खाणंपिणं झालं, पोरं पोहली, आणि दुपार उतरता उतरता एकदम वारा सुटला. सगळ्यांची पळापळ झाली. तौफीक धोणीच्या नाळेवर उभा राहून माणसं मोजत होता. जितकी आणली होती तितकी भरली. धोणी सुटली.

त्या माणसांत एक अनोळखी म्हातारी होती. ती आपल्या गावची धोणी समजून यांच्या धोणीत चढली आणि मांडीवर डबा घेऊन पेंगायला लागली. तौफीककडच्यांना वाटलं, ही शिऊनाची कुणीतरी आत्या. शिऊनाकडच्यांना वाटलं, ही तौफीकची. दोन्हीकडच्यांनी तिला अदबीने जागा करून दिली. शिऊना मात्र वाळूच्या पार दुसऱ्या टोकाला भांडी धूत होती.

घरी तौफीक जेवायला बसला, हात न धुता बसला, आणि तरी कुणी ओरडलं नाही. तेव्हा त्याला कळलं, शिऊना घरात नाही. तो उठेपर्यंत शिऊना दारात उभी होती. ट्यूनाच्या एका बोटीने तिला उचलून आणलं होतं. कमरेपर्यंत ओली, हातात भांड्यांची रास. त्या क्षणी तौफीक काहीही बोलला असता, अगदी नुसता रडला असता, तरी चाललं असतं. पण त्याला खरंच कोडं पडलं होतं. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "पण मोजणी बरोबर होती."

"काय म्हणालास?"

"मोजणी बरोबर होती, शिऊना. थांब, दाखवतो." आणि तो पुरावा म्हणून त्या म्हातारीला घेऊन आला.

ईदची सुट्टी संपली त्या दिवशी शिऊना कोर्टात गेली. तौफीकने काझीलाही सगळं पुन्हा समजावून सांगितलं, बोटांवर मोजून. काझी म्हणाला, "मोजणी बरोबर होती हे कोर्टाला मान्य आहे," आणि तलाकवर शिक्का मारला.

शिऊनाने सामान उचललं ते थेट ओळुगिरी रिसॉर्टवर. मुदिफुशीच्या समोरच, मधे फक्त खोल पाण्याची एक वाट. तिथल्या डायव्हिंग सेंटरला प्रमुख हवा होता आणि शिऊना बुडी मारण्यात तौफीकपेक्षा वरचढ होती, हे सगळ्यांना माहीत होतं, तौफीकलाही. आता रोज सकाळी दोघांच्या धोण्या त्याच प्रवाळांवर जायच्या आणि दोघं लांबून एकमेकांना हात करायचे. रीत म्हणून.

तौफीकचं खाणंपिणं गेलं. सेंटरमागच्या खोलीत तो मासहुनी-रोशी, म्हणजे ट्यूना-खोबरं आणि पोळी, चिवडत बसायचा. तिसऱ्यांदा लग्न करता येतं. पण ते शेवटचं. तेही मोडलं तर दार कायमचं बंद. त्याची अजिबात हरकत नव्हती, त्याला ती हवी होती, बस्स. शिऊना मात्र विचार करत होती. शेवटी एकदा मालेहून येणाऱ्या सामानाच्या बोटीवर दोघं भेटली, तेव्हा तिने अट घातली.

"या रमजानपासून पुढच्या रमजानपर्यंत एकही माणूस मागे ठेवायचा नाही. समुद्रात नाही, वाळूत नाही, कुठेच नाही. मग विचार मला."

"आणि ठेवला तर?"

"तर विचारूच नकोस. आणि लपवू नको हं. वायरलेसवर सगळ्या ॲटोलाला कळतं."

ते वर्ष मुदिफुशीवर कुणी विसरणार नाही. तौफीक जेट्टीवर मोजायचा, धोणीत मोजायचा, पाण्यात उडी मारल्यावर मोजायचा. जेवणाच्या हॉलमध्ये तो उगाच उभा राहून माणसं मोजताना दिसायचा आणि पाहुण्यांना वाटायचं की जेवण कमी पडणार आहे. शुक्रवारी मशिदीत इमामाने त्याला सांगितलं, की बाबा, नमाजाच्या वेळी मागे वळून रांगा मोजू नकोस. एकदा एका रशियन गृहस्थाने धोणीवर यायचं रद्द केलं, तर तौफीकने आकडा जुळावा म्हणून त्याला खोलीतून अक्षरशः ओढत आणलं. पण वर्ष सरत आलं आणि एकही माणूस मागे राहिला नाही.

रमजानला एक आठवडा उरला आणि ड्रेक्सलर साहेब आले.

ते दरवर्षी येत. जर्मनीत लिफ्टची तपासणी करण्यात आयुष्य गेलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर लिफ्टऐवजी मुदिफुशी तपासायचा. झुबकेदार मिशी, आणि त्या मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरायचं. वर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मास्क गळतो." मिशी काढा असं सुचवणारा एक शिक्षक दुसऱ्या रिसॉर्टवर गेला होता. त्यांच्या बाईंनी मात्र कधी पाण्याला पाय लावला नाही. त्या बंगल्याच्या ओसरीवर जाडजूड कादंबऱ्या वाचत बसायच्या.

त्या दिवशी तौफीकने सगळ्यांना कंदूवर नेलं. कंदू म्हणजे दोन बेटांमधली ती खोल वाट, जिथून भरतीचा समुद्र आत घुसतो आणि शार्क रांगेत उभे राहतात. तिथे बुडी मारली की माणसाने काही करायचं नसतं. पाणीच त्याला ओढून नेतं आणि भलतीकडेच वर काढतं. मग धोणीने शोधत जाऊन एकेकाला उचलायचं. ओळुगिरीची धोणीही तिथेच होती. दोन्ही धोण्या एकाच सुताराने बांधलेल्या, दोन्हींवर निळं छत. वर आलेल्या माणसाला कोणती आपली हे कळायला काही मार्ग नाही, आणि त्यात पावसाची एक जोरदार सर आली.

धोणीचा कप्तान अलीफुळू. पिकलेला, तोंडात सदा सुपारी, तौफीकला धाकटा भाऊ म्हणून कोक्को म्हणणारा. त्याची मोजायची स्वतःची रीत होती. शिडी चढण्याआधी प्रत्येक जण पायातल्या रबरी फिन्स काढून वर देतो. अलीफुळू माणसं मोजत नसे, फिन्स मोजायचा आणि निम्मे करायचा. "माणसं हलतात रे," तो म्हणायचा. "एक उलटी करायला जातं, एक फोटो काढायला. फिन्स गप पडून राहतात." पिवळ्या फिन्स, मालेतल्या एकाच दुकानातून आणलेल्या, मुदिफुशीच्याही आणि ओळुगिरीच्याही.

"बरोबर!" अलीफुळू सुकाणूवरून ओरडला.

तौफीकने पावसात डोकी मोजली. सगळ्यांनी डोक्यावरून टॉवेल घेतले होते. त्याने टॉवेल मोजले. एकदा पुढून, एकदा मागून. "बरोबर!" तोही ओरडला आणि धोणी वळली.

मुदिफुशीच्या जेट्टीवर सगळे आपापल्या चपला घालून गेले. शेवटी एक जोड उरला आणि एक पाहुणा उरला. पाहुण्याने डोक्यावरचा टॉवेल न काढता पाय सारले, चपला बसल्या. बग्गीवाल्याला ठाऊक होतं की या चपला ड्रेक्सलर साहेबांच्या. त्याने पाहुण्याला थेट त्यांच्या बंगल्यावर नेऊन सोडलं. तौफीक धोणीवरून चपलांचे जोड संपताना बघत होता आणि मनाशी म्हणत होता, आणखी एक दिवस पार पडला.

तो सूट धुऊन वाळत घालत होता तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"मुदिफुशी डायव्हिंग, मुदिफुशी डायव्हिंग. ओळुगिरी."

शिऊनाचा आवाज. तौफीकने आधी केस सारखे केले, मग बटण दाबलं. "बोल, शिऊना."

"सगळे आले?"

"सगळे आले."

"मोजलेस?"

"दोनदा. अलीफुळूने फिन्सही मोजल्या."

"वा! आणि ड्रेक्सलर साहेब कसे आहेत यंदा?"

तिला आपले पाहुणे अजून आठवतात, याने तौफीकचा ऊर भरून आला. "मजेत आहेत. मास्क गळतो म्हणतात."

"असं म्हणाले?"

"दरवेळी म्हणतात की."

"आज म्हणाले का, तौफीक?"

तौफीक आठवू लागला. आज कुणी मास्क गळतो म्हणालं नव्हतं. पाण्यात नाही, शिडीवर नाही, जेट्टीवर नाही. "थांब, आलोच," असं पुटपुटत तो वायरलेस टेबलावर टाकून पळत सुटला.

बंगल्याच्या ओसरीवर ड्रेक्सलरबाई पहिल्यांदाच कादंबरी मिटून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ड्रेक्सलर साहेबांच्या खुर्चीत, ड्रेक्सलर साहेबांचा झगा घालून, एक गुळगुळीत दाढी केलेला गोलमटोल गृहस्थ बसला होता. दोघं पत्ते खेळत होते.

"बाई, हे कोण?" तौफीकने विचारलं.

"मला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच पाठवलंत ना? यांची भाषा मला कळत नाही. फार छान खेळतात."

"आणि साहेब कुठे आहेत?"

"तुमच्याबरोबर नाहीत?" बाईंनी क्षणभर विचार केला. "जिवंत आहेत ना?"

"असावेत. बहुतेक समोरच्या बेटावर."

"मग हा डाव तरी पुरा होऊ दे," बाई म्हणाल्या. तो गृहस्थ, जो हंगेरीचा निघाला, उठून तौफीकला वाकून नमस्कार करून परत बसला.

तौफीक सेंटरवर आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एक आठवडा! अख्खं वर्ष माणसं मोजली, इमामाची बोलणी खाल्ली, आणि शेवटच्या आठवड्यात माणूस मागे राहिला तो नेमका तिच्या धोणीत! समोरच्या किनाऱ्यावर ओळुगिरीची झाडं दिसत होती. इतक्या जवळ असून ती आता कायमची गेली, या विचाराने त्याला खालीच बसावंसं वाटलं.

अलीफुळू दारात उभा होता. त्याला बग्गीवाल्याकडून सगळं कळलं होतं.

"कोक्को, घाबरतोस कशाला?" तो म्हणाला. "गेल्या वेळी तुझ्याकडे काय पुरावा होता? एक म्हातारी. या वेळी फिन्स आहेत. मी आणतो सगळ्या. मोज म्हणावं तिला! जितके नेले तितके आणले. यात आपला काय दोष? तिचा माणूस आपल्याकडे चढला, आपला तिच्याकडे. हिशेब चोख आहे."

"चोख आहे," तौफीक म्हणाला. त्याला धीर आला. खरंच, या वेळी कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. पावसात टॉवेलखाली कोण आहे हे खुद्द काझीला तरी कळलं असतं का?

त्याने वायरलेस उचलला. एरवी त्यावर बाजार भरलेला असतो. कुणी बर्फ मागतं, कुणी डिझेल, कुणी बायकोला निरोप देतं. आता चिटपाखरू बोलत नव्हतं. ट्यूनाच्या बोटी, सामानाच्या बोटी, बर्फाच्या कारखान्यातला कारकून, सगळे कान लावून बसले होते.

"ओळुगिरी, ओळुगिरी. मुदिफुशी."

"बोल."

"ड्रेक्सलर साहेब माझ्याकडे नाहीत."

"माहीत आहे. ते इथे गरुधिया पिताहेत. लिंबू कमी पडलं म्हणताहेत."

"तुझा एक माणूस माझ्याकडे आहे. तो पत्ते खेळतोय."

"तेही माहीत आहे. धोणी सुटली आणि मी तोंडं बघितली, तेव्हाच कळलं. तुझ्याकडे आहे म्हटल्यावर काळजी केली नाही. कसं झालं हे, तौफीक?"

समोर अलीफुळू दोन्ही हातांत फिन्स धरून नाचवत होता. सांग, सांग! तौफीकने बटण दाबलं. वाक्य तयारच होतं. त्या ईदपासून ते त्याच्या जिभेवर बसून होतं आणि आज ते पूर्वीपेक्षा जास्त खरं होतं.

"पण मो..." तो म्हणाला.

"नको रे, नको!" वायरलेसवर कुठलातरी ट्यूनावाला कळवळून ओरडला. "कोक्को, तोंड मिट!" दुसरा कुणीतरी म्हणाला. तौफीकने बटण सोडलं.

इतके दिवस तो समजून चालला होता की शिऊनाला आकडेमोड कळत नाही, म्हणून ती रागावली. तिला तर आकडेमोड त्याच्यापेक्षा चांगली येत होती. हवा किती उरली, किती खोल किती वेळ, सगळं ती मनातल्या मनात करायची. आज तिच्याही धोणीत माणसं तितकीच भरली होती. तिचीही मोजणी बरोबर होती. आणि मोजणी बरोबर आली म्हणून ती गप्प बसली नव्हती. तौफीकला आपली इतकी लाज वाटली की क्षणभर त्याला ती खोली, अलीफुळू आणि त्या फिन्स, काहीच दिसेना.

त्याने पुन्हा बटण दाबलं.

"माझं चुकलं, शिऊना," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही. आज नाही आणि त्या दिवशीही नाही. तुला वाळूवर एकटी टाकून आलो. पाणी वर चढत असेल. भीती वाटली असेल तुला."

अलीफुळूने फिन्स खाली ठेवल्या. तौफीकला वाटलं, ती उठून गेली.

मग तिचा आवाज आला, जरा घोगरा. "परत बोल. नीट ऐकू आलं नाही."

"आलं, आलं!" चारी बाजूंनी बोटी ओरडल्या. "स्वच्छ आलं! मला अगदी शब्दन् शब्द ऐकू आला, शिऊना!"

"तुम्हाला कुणी विचारलं?" शिऊना कडाडली. सगळ्या बोटी गप्प झाल्या.

तौफीक परत बोलला. या वेळी हळू, एकेक शब्द. शेवटी त्याचा आवाज फुटला तो सगळ्या ॲटोलाने ऐकला, पण कुणी हसलं नाही.

"वाटली होती भीती," शिऊना म्हणाली. "गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं. भांडी सगळी धुऊन झाली होती, तरी मी ती परत परत धूत होते. काहीतरी करत राहायला हवं होतं ना. आणि मनाशी म्हणत होते, येईलच तो आता, चुकलं म्हणेल, आणि मी त्याला खूप शिव्या देईन."

"दे ना," तौफीक म्हणाला. "आता दे."

"आता नाही सुचत." ती नाक ओढत होती, हे सगळ्यांना कळलं. "तू माणूस मागे ठेवलास. अट मोडली."

"मोडली," तौफीक म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले.

"मग आता दुसरी अट. रमजानआधी काझीचं कोर्ट गुरुवारपर्यंत उघडं आहे. मी तिकडे येते आणि आपण दोघं एकाच धोणीतून जायचं. मी तुझ्या समोर बसणार, पाठीमागे नाही. आणि धोणी माझी. तुझ्या धोणीत कोण कोण चढतं, देव जाणे."

तौफीकने आधी केस सारखे केले, आणि तो बटण दाबणार तेवढ्यात बर्फाच्या कारखान्यातल्या कारकुनाला राहवलं नाही.

"कबूल!" तो ओरडला. "कबूल आहे म्हणतोय तो!"

"त्याला म्हणू दे," शिऊना म्हणाली.